संशोधन आराखडा कसा लिहावा : पदव्युत्तर वर्गात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील महाविद्यालयांत आणि विद्यापीठाच्या विभागांत एम. ए., एम. कॉम., एम. एस्सी. किंवा पीएच. डी. साठी दाखल झालेले विद्यार्थी पहिला आराखडा लिहिताना ज्या शंका घेऊन येतात, त्यांपैकी नेहमीच्या शंकांची उत्तरे येथे दिली आहेत. नमुन्याचे नियम विभागागणिक थोडेफार वेगळे असतात, त्यामुळे पानांची मर्यादा, टंक आणि समासाची रुंदी हे तपशील आपल्या विभागाच्या सूचनापत्रकात पाहावेत. येथील उत्तरे आराखड्यामागच्या विचाराविषयी आहेत.

संशोधन आराखडा म्हणजे नेमके काय? तो विषयावरील निबंधापेक्षा वेगळा कसा?

निबंधात तुम्हाला विषयाची जी माहिती आहे ती तुम्ही मांडता. आराखड्यात तुम्हाला काय ठाऊक नाही, ते जाणून घेणे का आवश्यक आहे आणि हाताशी असलेल्या मुदतीत ते कसे शोधणार, हे सांगायचे असते. नव्या विद्यार्थ्यांचे बहुतेक आराखडे येथेच घसरतात. पहिली चार पाने विषयाची महती सांगण्यात जातात, त्यानंतर उद्दिष्टे येतात आणि ‘पद्धती’ या शीर्षकाखाली ‘वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला जाईल’ एवढे एकच वाक्य उरते. आराखडा तपासणारा प्राध्यापक मात्र तीच जागा प्रथम उघडतो, कारण विद्यार्थ्याने कामाचा खरोखर विचार केला आहे की नाही, ते त्या परिच्छेदातून कळते.

आराखडा हा एक करार आहे असे समजले तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. जेवढे करणे शक्य आहे तेवढेच त्यात कबूल करावे आणि जे कबूल केले ते नि:संदिग्ध शब्दांत लिहावे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात हा आराखडा नेमका केव्हा लागतो?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जी नवी रचना लागू झाली, तीत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४ श्रेयांक (क्रेडिट), तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक ठेवले आहेत. म्हणजे आराखडा तिसऱ्या सत्राच्या तोंडाशी लागतो, पण त्याची पूर्वतयारी पहिल्या सत्रातच सुरू झालेली असते. पीएच. डी. चा हिशेब निराळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार त्यासाठी किमान ३ आणि सर्वसाधारणपणे कमाल ६ वर्षे मिळतात, त्यामुळे तेथील आराखडा अधिक खोल आणि अधिक विस्तृत असणे साहजिक आहे. एम. ए. च्या प्रकल्पासाठी पीएच. डी. च्या आकाराचा विषय घेणे ही मात्र दरवर्षी दिसणारी चूक आहे.

विषय कसा निवडावा? माझ्याकडे क्षेत्र आहे, पण प्रश्न सुचत नाही.

क्षेत्र, विषय आणि प्रश्न या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि तिसऱ्या पायरीवर पोहोचल्याशिवाय आराखडा लिहायला बसू नये. पुण्यातल्या कोणालाही परिचित असलेले एक उदाहरण घेऊ. ‘स्पर्धा परीक्षांचा ग्रामीण तरुणांवर होणारा परिणाम’ असा विषय घेऊन अनेक विद्यार्थी येतात. यात कोणत्या परीक्षा, कोणते तरुण, कोणता परिणाम आणि कोणता काळ, यांपैकी काहीच ठरलेले नाही. असा विषय एका जन्मात संपणार नाही आणि तो चुकीचा ठरण्याचीही शक्यता नाही, कारण ‘परिणाम होतो’ हे उत्तर आधीच ठरलेले आहे.

आता याच विषयाला कात्री लावत जाऊ. सदाशिव पेठ आणि नारायण पेठ येथील अभ्यासिकांत बसणारे विद्यार्थी घेतले की जागा ठरली. त्यांतील पुण्याबाहेरून आलेले आणि राज्यसेवेचे किमान दोन प्रयत्न झालेले विद्यार्थी घेतले की माणसे ठरली. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याच्या निर्णयाविरुद्ध २०२३ च्या आरंभी पुण्यात विद्यार्थ्यांचे आंदोलन झाले आणि त्या बदलाची अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. या दोन टप्प्यांमधील काळ घेतला की कालखंडही ठरला, आणि तो तसा का ठरवला याचे कारणही आपोआप हाती आले. यानंतर प्रश्न असा उभा राहतो : पुढचा प्रयत्न करायचा की गावी परतायचे, हा निर्णय हे विद्यार्थी कोणाच्या सल्ल्याने आणि कोणाच्या पैशाच्या बळावर घेतात? या प्रश्नाचे उत्तर आज आपल्याला माहीत नाही, ते मिळवता येते, आणि आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे निघू शकते. प्रश्न संशोधनास योग्य आहे की नाही, हे पाहण्यासाठी मी स्वतः या तीन कसोट्या पुरेशा मानतो.

हेच क्षेत्र निरनिराळ्या विद्याशाखांत निरनिराळे प्रश्न निर्माण करते, हेही ध्यानात घ्यावे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी कॉट बेसिसवरील भाडे, मेस आणि क्लासची फी यांचा मासिक ताळेबंद मांडील. भूगोलाचा विद्यार्थी पेठांतील जुन्या वाड्यांच्या आणि सदनिकांच्या वापरात काय बदल झाला, याचा नकाशा करील. मानसशास्त्राचा विद्यार्थी परीक्षाचिंतेचे मापन करील. मराठी साहित्याचा विद्यार्थी या जगावर लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांत ‘गाव’ कसे येते, ते पाहील. या चौघांना लागणारी सामग्री वेगळी, तिच्याकडे जाण्याची वाट वेगळी आणि अर्थातच आराखडाही वेगळा असतो. एकाच आराखड्यात हे चारही प्रश्न घालणारा विद्यार्थी दरवर्षी एखादा तरी भेटतो, आणि तो बहुधा वर्गातील सर्वांत उत्साही विद्यार्थी असतो.

शीर्षकात ‘एक चिकित्सक अभ्यास’ असे लिहिणे आवश्यक आहे का?

नाही. संशोधन चिकित्सक असणे गृहीतच आहे. त्या तीन शब्दांच्या जागी ठिकाण, कालखंड किंवा अभ्यासगट लिहिला, तर शीर्षक वाचणाऱ्याच्या उपयोगाचे ठरते.

उद्दिष्टे, संशोधनप्रश्न आणि गृहीतक यांत फरक काय? तिन्ही लिहावीच लागतात का?

प्रश्न म्हणजे जे शोधायचे ते. उद्दिष्टे म्हणजे त्या शोधासाठी करावयाची कामे, आणि म्हणून ती ‘तपासणे’, ‘तुलना करणे’, ‘वर्गीकरण करणे’ अशा क्रियांनी व्यक्त व्हावीत. ‘जाणीवजागृती करणे’ किंवा ‘समाजाला दिशा देणे’ ही संशोधनाची उद्दिष्टे नव्हेत. ती कदाचित संशोधनानंतरची कामे असतील. तीन ते चार उद्दिष्टे पुरेशी होतात. दहा लिहिली, तर शेवटच्या प्रकरणात दहांचाही हिशेब द्यावा लागतो, हे विद्यार्थ्याच्या ध्यानात फार उशिरा येते.

गृहीतकाच्या बाबतीत मराठीत शब्दाचाच घोटाळा आहे. ज्या विधानाची सत्यता आपण सामग्रीच्या आधारे तपासणार आहोत त्याला काही विभागांत ‘गृहीतक’, काही पुस्तकांत ‘अभ्युपगम’, तर काही ठिकाणी ‘परिकल्पना’ म्हणतात. दुसरीकडे, न तपासता जे मानून चालायचे त्यालाही आपण ‘गृहीत’ म्हणतो. आपल्या विभागात कोणती संज्ञा रूढ आहे ते विचारून घ्यावे आणि शेवटपर्यंत तीच वापरावी. ‘ज्या विद्यार्थ्यांचा खर्च घरातील शेतीच्या उत्पन्नातून भागतो ते नोकरदार घरांतील विद्यार्थ्यांपेक्षा कमी प्रयत्नांनंतर परततात’ हे तपासता येणारे विधान आहे, कारण ते खोटे ठरू शकते. ‘स्पर्धा परीक्षांमुळे तरुणांवर ताण येतो’ हे विधान खोटे ठरण्याची कोणी वाटच पाहत नाही. गुणात्मक अभ्यासात, म्हणजे सविस्तर मुलाखती किंवा संहितांचे वाचन यांवर आधारलेल्या कामात, गृहीतकाशिवाय नुसते संशोधनप्रश्न दिले तरी चालतात. मात्र छापील नमुन्यात तो रकाना असल्यास तो रिकामा सोडण्यापूर्वी मार्गदर्शकांशी बोलावे.

पूर्वसंशोधनाचा आढावा कसा घ्यावा? पुण्यात यासाठी कोठे जावे?

आढावा म्हणजे वाचलेल्या पुस्तकांची यादी नव्हे. ‘अमुक यांनी असे म्हटले आहे, तमुक यांनी तसे म्हटले आहे’ अशा परिच्छेदांची माळ वाचताना, लिहिणाऱ्याचे स्वतःचे म्हणणे काय हे कळतच नाही. त्याऐवजी मतांचे गट करावेत : कोणत्या मुद्द्यावर अभ्यासक सहमत आहेत, कोठे त्यांच्यात वाद आहे, आणि कोणत्या गोष्टीकडे कोणीच पाहिलेले नाही. या तिसऱ्या ठिकाणी तुमचा प्रश्न बसला पाहिजे. आढाव्याचा शेवटचा परिच्छेद आणि संशोधनप्रश्न यांत सांधा दिसला नाही, तर दोहोंपैकी एक बदलावा लागतो.

शोध घरबसल्या ‘शोधगंगा’पासून सुरू करावा. भारतीय विद्यापीठांत मान्य झालेले पीएच. डी. चे प्रबंध तेथे विनामूल्य वाचता येतात, आणि ‘शोधगंगोत्री’वर मंजूर झालेले आराखडेही पाहायला मिळतात. एक व्यावहारिक सूचना अशी की, मराठी प्रबंध शोधताना शीर्षक देवनागरीत, रोमन लिपीत आणि इंग्रजी भाषांतर करून, अशा तिन्ही प्रकारे टाकून पाहावे. कित्येक प्रबंधांची पाने चित्ररूपात असल्याने त्यांच्या आतील शब्द शोधात सापडत नाहीत.

यानंतर मात्र घराबाहेर पडावे, आणि त्या बाबतीत पुण्याच्या विद्यार्थ्याचे नशीब खरोखर थोर आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय हा पहिला मुक्काम. अर्थशास्त्र आणि सामाजिक आकडेवारी यांसाठी १९३० साली स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे. पुणे शहराचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण याच संस्थेने गेल्या शतकात केले होते, आणि आज पुण्यावर काम करणाऱ्याने ते प्रश्न तेव्हा कसे विचारले गेले हे पाहणे अतिशय उद्बोधक ठरते. भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व यांसाठी डेक्कन कॉलेज, संस्कृत आणि प्राच्यविद्या यांसाठी १९१७ पासून कार्यरत असलेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, मराठ्यांच्या इतिहासासाठी १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दफ्तर सांभाळणारे पुणे पुराभिलेखागार, ही सारी एका शहरात आहेत. पेशवे दफ्तरातील बहुतांश कागद मोडीत आहेत. मोडी येत नसताना केवळ तेथील कागदांवर विसंबणारा आराखडा लिहू नये, अथवा वेळापत्रकात मोडी शिकण्याचे महिने स्पष्टपणे धरावेत. बहुतेक ठिकाणी महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि विभागप्रमुखांचे पत्र सोबत असल्यास काम सुकर होते.

माझ्या विषयावर आधीच काम झालेले आढळले. आता काय करावे?

आनंद मानावा. ज्यावर कोणीच काम केलेले नाही असा विषय बहुधा तसा अस्पर्शित राहण्यास कारण असते. सामग्री मिळत नाही, किंवा प्रश्नच नीट बांधलेला नाही. झालेले काम बारकाईने वाचून काळ, प्रदेश, अभ्यासगट किंवा पद्धती यांपैकी काय बदलल्यास नवे काही कळेल, ते एका परिच्छेदात लिहावे. ‘हा अभ्यास मराठवाड्यात झाला, पुण्यात झालेला नाही’ एवढे पुरत नाही. पुण्यात उत्तर वेगळे येईल असे मानण्यास काय आधार आहे, तेही सांगावे लागते.

पद्धतीच्या भागात किती तपशील द्यावा? नमुना, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेला गट, किती मोठा असावा?

दुसरा एखादा विद्यार्थी केवळ तुमचा आराखडा वाचून तेच काम करू शकेल, इतका तपशील द्यावा. ‘प्रश्नावलीद्वारे माहिती गोळा केली जाईल’ यावरून काहीच बोध होत नाही. किती अभ्यासिका, त्या कशा निवडल्या, प्रत्येक ठिकाणी कितीजण, प्रश्नावली कागदावर की गुगल फॉर्मवर, मालकाची परवानगी कशी मिळवणार, आणि मिळालेल्या उत्तरांचे पुढे काय करणार, हे सर्व तेथे यावे.

नमुन्याच्या आकाराबाबत ‘शंभर घेतो, सर’ हे उत्तर नेहमी ऐकू येते आणि त्याला ‘शंभर बरे दिसतात’ याखेरीज आधार नसतो. मोठ्या लोकसंख्येतून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी देऊन, नमुना घेतला, विश्वासपातळी ९५ टक्के ठेवली आणि ५ टक्क्यांची चूक मान्य केली, तर सुमारे ३८५ जण लागतात. १० टक्क्यांची चूक चालत असेल, तर सुमारे ९७ जणांवर भागते. परंतु हे गणित यादृच्छिक निवडीसाठी आहे. अभ्यासिकांतील सर्व विद्यार्थ्यांची यादी कोणाकडेच नसते, त्यामुळे एका विद्यार्थ्याने दुसऱ्याचे नाव सुचवायचे अशा साखळीनेच आपण पुढे जातो. अशा वेळी ३८५ चा आकडा लिहिणे शोभेचे ठरते. त्यापेक्षा ‘हा नमुना प्रातिनिधिक नाही, त्यातून टक्केवारी काढली जाणार नाही, निर्णयाची प्रक्रिया समजून घेणे हा हेतू आहे’ असे लिहून वीस सखोल मुलाखती घेणे अधिक शास्त्रशुद्ध आहे. परतलेले विद्यार्थी अभ्यासिकेत भेटणारच नाहीत, ही या उदाहरणातील सर्वांत मोठी अडचण आहे. ज्याने ती आराखड्यात स्वतःहून लिहिली आणि गावी गेलेल्यांशी फोनवर मुलाखती घेण्याची तरतूद केली, त्याचा आराखडा मंजुरी देणाऱ्या समितीत अडत नाही.

जनगणनेवर विसंबणाऱ्यांसाठी एक सूचना : २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे पुणे शहराचे आकडे २०११ चे वापरताना मधल्या काळात महापालिकेची हद्द वाढली आहे, याची नोंद मर्यादांमध्ये अवश्य करावी.

मुलाखती घेण्यासाठी नैतिक परवानगी लागते का?

माणसांकडून माहिती घेणार असाल, तर संमती लागतेच. संस्थेत नैतिकता समिती असल्यास तिच्याकडे अर्ज कसा करायचा, ते आधी विचारावे. वैद्यकीय व आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे पाहावीत. संमतीपत्र उत्तरदात्याच्या भाषेत असावे, मुलाखत मध्येच थांबवण्याचा त्याचा हक्क त्यात नमूद असावा, आणि अठरा वर्षांखालील मुले असल्यास पालकांची संमती घ्यावी. सतत अपयश आलेल्या विद्यार्थ्याला त्या अपयशाविषयी विचारताना तो खचला तर आपण काय करू, याचा विचार नोंदवही उघडण्यापूर्वी झालेला असावा.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला हे सारे लागू पडते का?

चौकट तीच असते, मात्र प्रयोगशाळेत विषय बऱ्याचदा मार्गदर्शकांच्या चालू प्रकल्पातून येतो. तेव्हा त्या मोठ्या प्रकल्पातील नेमका कोणता तुकडा आपला, हे ठळकपणे लिहावे. उपकरणाचा वेळ हा तेथे खरा अडसर असतो. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण बोलके आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेल्या या दुर्बिणीवर निरीक्षणाची वेळ मिळवायची, तर नावाजलेल्या खगोलशास्त्रज्ञालाही प्रस्ताव पाठवावा लागतो. कोणता खगोलीय स्रोत, कोणती वारंवारिता, किती तास, आणि तेवढेच तास का, याचे उत्तर त्याला द्यावे लागते. ‘तेवढेच का’ हा शब्दप्रयोग प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्याने आपल्या टेबलावर लिहून ठेवण्याजोगा आहे.

वेळापत्रक कसे आखावे?

मागून पुढे आखावे : सादरीकरणाच्या तारखेपासून आजपर्यंत. एका तासाची मुलाखत शब्दशः उतरवायला चार ते सहा तास धरावेत, म्हणजे वीस मुलाखतींचे ८० ते १२० तास केवळ उतरवण्यात जातात. गणपतीचे दहा दिवस, दिवाळीची सुट्टी आणि सत्र परीक्षा वजा कराव्यात. पेठांतील क्षेत्रकार्य गणेशोत्सवात ठेवणाऱ्याला रस्ता ओलांडण्यातच अर्धा दिवस लागतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या आराखड्यात प्रश्नावलीच्या पूर्वचाचणीला एकही दिवस ठेवलेला नव्हता, आणि निम्मी प्रश्नावली पुन्हा छापण्याची वेळ आली, तेव्हा तो खर्च मेसच्या पैशांतून करावा लागला.

आराखडा मराठीत लिहावा की इंग्रजीत?

विभागाची परवानगी ज्या भाषेत असेल आणि सामग्री ज्या भाषेत येणार असेल, त्या भाषेत लिहावा. मुलाखती मराठीत आणि प्रबंध इंग्रजीत असेल, तर अनुवादाचा वेळ आणि अनुवादात अर्थ निसटण्याचा धोका, दोन्हींची नोंद करावी. मराठीत लिहिणाऱ्याने पारिभाषिक शब्दांची छोटी सूची सुरुवातीलाच करून ठेवावी आणि संदर्भसूचीत मराठी ग्रंथ वर्णक्रमाने, आडनाव आधी घालून द्यावेत.

मार्गदर्शकांना केव्हा भेटावे? त्यांनीच विषय सुचवला तर?

पूर्ण आराखडा घेऊन जाऊ नये. एका पानावर प्रश्न, तो का विचारायचा, आणि सामग्री कोठून येणार एवढे लिहून पहिली भेट घ्यावी. मार्गदर्शकांनी विषय सुचवला, तर त्यास नकार देण्यापूर्वी त्या विषयावरचे दोन लेख वाचावेत. त्यानंतरही मन रमत नसेल, तर तसे स्पष्ट पण आदराने सांगावे, कारण न आवडणाऱ्या विषयाचा भार पुढे दोघांनाही वाहावा लागतो.

वाङ्मयचौर्याची मर्यादा आराखड्यालाही लागू होते का? कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यावी का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील मजकुराचे इतरांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही, १० ते ४० टक्के असल्यास सुधारून पुन्हा सादर करावे लागते, ४० ते ६० टक्क्यांत सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्ष बंदी येते आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणी रद्द होऊ शकते. आराखड्यासाठी विभाग स्वतःची मर्यादा ठरवतात. पण टक्केवारी हा चौर्याचा केवळ एक निर्देश आहे. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत लिहून त्याचे नाव गाळले, तर कोणतेही सॉफ्टवेअर ते पकडणार नाही आणि तरीही ते चौर्यच ठरेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून भाषा तपासून घेण्यास विभागाचा आक्षेप नसेल, तर ते जरूर करावे, आणि केल्याचे सांगावे. संदर्भ मात्र त्यांच्याकडून घेऊ नयेत. ही साधने अस्तित्वात नसलेले लेख, खऱ्या वाटणाऱ्या लेखकांच्या नावांसह, मोठ्या आत्मविश्वासाने देतात. जो ग्रंथ तुम्ही उघडून पाहिलेला नाही, तो संदर्भसूचीत नसावा.

समितीने आराखडा परत पाठवला. याचा अर्थ विषय नाकारला गेला का?

बहुधा नाही. परत आलेल्या आराखड्यांवरील शेऱ्यांत ‘व्याप्ती कमी करा’ आणि ‘पद्धती स्पष्ट करा’ हे दोन शेरे सर्वांत नेहमीचे आहेत, आणि दोन्ही दुरुस्त होण्याजोगे आहेत. प्रत्येक शेरा एका ओळीत लिहून त्यासमोर आपण केलेला बदल आणि पान क्रमांक द्यावा. एखादा शेरा पटला नसेल, तर तो का पटला नाही हेही कारणांसह लिहिता येते. समित्या अशा लेखी उत्तराचा बहुधा आदर करतात.

मंजुरीनंतर आराखडा बदलता येतो का?

शीर्षक बदलायचे असल्यास विहित अर्ज आणि मार्गदर्शकांची शिफारस लागते, आणि त्याची मुदत विभागाकडून जाणून घ्यावी. शीर्षकाच्या मर्यादेत राहून प्रश्नाची धार बदलली, दोन अभ्यासिका वगळल्या किंवा एखादे प्रकरण दुसऱ्यात मिसळले, तर त्यासाठी मंजुरीची गरज सहसा पडत नाही. असा प्रत्येक बदल तारखेसह आणि कारणासह वहीत टिपून ठेवावा, कारण प्रबंधातील पद्धतीचे प्रकरण लिहिताना आणि तोंडी परीक्षेत ‘आधी पाच अभ्यासिका होत्या, मग तीन कशा झाल्या’ असे विचारले गेल्यास त्याच वहीचा आधार घ्यावा लागतो.